मुखदूषिका आणि तारुण्यपिटिका : मुंबईच्या वैद्यकीय इतिहासातील एक नामांतर

चेहऱ्यावरील मुरमाला प्रमाण मराठीत 'तारुण्यपिटिका' म्हणतात. हा शब्द रोग्याचे वय सांगतो. रोगाची खोली व वेदना सांगत नाही. वरवरच्या पुळीच्या बाबतीत ही उणीव जाणवत नाही. परंतु जिला तोंड नसते, जी त्वचेखाली आठवडेच्या आठवडे ठणकते आणि जाताना खड्डा ठेवून जाते, ती गाठही याच नावाखाली आल्याने 'वयाचा दोष, लग्नानंतर जाईल' हा निकाल जणू नावातच लागला.

जुन्या ग्रंथांत असे नव्हते. सुश्रुताने मुखदूषिका क्षुद्ररोगांत गणून तिला सावरीच्या काट्याची उपमा दिली. कफ, वात व रक्त ही कारणे सांगितली. वाग्भटाने उपमा तीच ठेवली, पण या पिटिका दुखऱ्या व घट्ट असतात आणि त्यांच्या पोटात मेद असतो, असे नोंदविले. लोध्र, धणे व वेखंड यांच्या लेपाने शमन न झाल्यास वमन, नस्य व कपाळावरील शिरावेध त्याने सुचविला. हट्टी प्रकार त्याच्या पाहण्यात असावा. तारुण्याचा उल्लेख दोघांनीही केला आहे. मात्र तो वर्णनाचा एक भाग होता.

हे ग्रंथ छापील रूपात आणण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. पाश्चात्य वैद्यकाची पदवी घेतलेल्या अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी अरुणदत्ताच्या टीकेसह संपादिलेले 'अष्टांगहृदय' येथे १८८० मध्ये निघाले. गिरगावालगतच्या काळबादेवीतील निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्य यांची 'सुश्रुतसंहिता' १९१५ मध्ये काढली. वाग्भटाचे सूक्ष्म वर्णन असे सहज उपलब्ध झाले. व्यवहारात रुजले ते मात्र वयाचे नाव.

आधुनिक उपचारांचे केंद्र पुढे मध्य मुंबईकडेही सरकले. परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. १९३५ मध्ये डॉ. यू. बी. नारायण राव यांनी मुंबईतून नियतकालिक काढले ते गुप्तरोगांविषयीचे. त्याच्या नावात त्वचारोगाला जागा नंतर मिळाली. दवाखान्यांच्या पाट्यांवरही 'त्वचा व गुप्तरोग' ही जोडी दीर्घकाळ टिकली. अशा पाटीखालून अविवाहित मुलीने आत जाणे सोपे नव्हते.

आजच्या शास्त्रानुसार तैलग्रंथीची वाट मृत पेशींनी बुजते, आत तेलकट द्रव्य साचते व जिवाणू वाढतात. पुटकाची भिंत आतल्या बाजूस फुटली की हे द्रव्य खोल त्वचेत सांडते आणि शरीर त्याला परके मानून तीव्र दाह निर्माण करते. अशी गाठ सामान्यतः ५ मिलिमीटरहून मोठी असते. ती पिळल्यास द्रव्य आणखी खोल जाते. वरचा लेप तेथवर क्वचितच पोहोचतो. वाग्भटाचा 'मेद' येथे आठवतो, पण त्याला तैलग्रंथींची रचना ठाऊक होती असे म्हणणे हा अतिउत्साह ठरेल.

परळ-लालबागच्या गिरण्यांचा संप सुरू झाला त्याच १९८२ साली आयसोट्रेटिनॉइन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. खोल गाठींवर एवढा परिणामकारक उपाय तोवर नव्हता. ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे लागते. गर्भावर त्याचा गंभीर दुष्परिणाम होत असल्याने गर्भवतीला ते देता येत नाही आणि उपचार चालू असताना गर्भधारणा कटाक्षाने टाळावी लागते. शिवाय व्रण पडण्यापूर्वी उपचार सुरू झाले तरच चेहरा वाचतो. म्हणजे 'लग्नापर्यंत थांब' या घरगुती सल्ल्याने मुलीच्या हातून जात होता तो नेमका उपचाराचा काळ.