शास्त्रज्ञ, शाहीर आणि गांवकरी

शास्त्रज्ञाजवळ ज्ञान असतें, पण त्याच्याभोंवतीं गर्दी जमत नाहीं. शाहिरानें डफावर थाप मारली कीं गर्दी आपण होऊन जमते. या दोघांनीं एकाच पटांगणांत उभें राहून खेड्यांतील माणसाशीं बोलावें, असा एक मोठा प्रयत्न गेल्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत आपल्या देशांत झाला. त्याची हकीगत आज आपणांस सांगावयाची आहे.

महाराष्ट्रांत या गोष्टीचें बीज बरेंच आधीं पडलें होतें. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला. पुढें त्यांच्या अनुयायांनीं जलसे काढले. तमाशांतील गण-गौळणीची ओळखीची चौकट घेऊन तिच्यांत भोळ्या समजुतींवरील प्रहार बसविले. १९४४ सालीं अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनीं लाल बावटा कलापथक उभारलें व शाहिरी कामगारवस्तींत नेली. येथें कलावंत होता, विचारही होता. प्रयोगशाळेंतला मनुष्य मात्र अद्याप आला नव्हता.

तो आला केरळांत. १९६२ सालीं स्थापन झालेली केरळ शास्त्र साहित्य परिषद ही मूळची विज्ञानलेखकांची संस्था. पुस्तकें काढावीं, व्याख्यानें द्यावीं, असा तिचा क्रम. पालक्काड जिल्ह्यांतील सायलेंट व्हॅलीच्या अरण्यांत धरण बांधण्याचा बेत पुढें आला, तेव्हां परिषदेच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं व अभियंत्यांनीं त्या बेताचा हिशेब तपासून त्यांतील उणिवा दाखविल्या. आणि सुगतकुमारी यांच्यासारख्या कवींनीं त्या अरण्याचें गाणें लोकांच्या तोंडीं दिलें. आंकड्यांच्या शेजारीं कविता उभी राहिली. १९८३ सालीं तो बेत सोडण्यांत आला व पुढल्याच वर्षीं तेथें राष्ट्रीय उद्यान जाहीर झालें. ही चळवळ चालू असतांनाच, १९८० सालीं, परिषदेनें आपला पहिला शास्त्र कलाजथा काढला. शिक्षक, शास्त्रज्ञ व हौशी नट गांवोगांव हिंडून चौकांत नाटुकलीं व गीतें सादर करूं लागले.

मग भोपाळ घडलें. २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीं कारखान्यांतील विषारी वायूनें झोपेंतच हजारो माणसांचा घात केला, आणि विज्ञान कोणासाठीं हा प्रश्न ग्रंथांतून उठून रस्त्यावर आला. १९८७ सालीं अनेक प्रांतांतील लोकविज्ञान संघटनांनीं मिळून भारत जन विज्ञान जथा काढला. पांच जथे निघाले. गांधीजयंतीस त्यांचा आरंभ झाला आणि ७ नोव्हेंबरला, म्हणजे सी. व्ही. रामन यांच्या जन्मदिवशीं, भोपाळ येथें समाप्ति. स्थळ मुद्दाम निवडलेलें होतें, हें सांगावयास नकोच. १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमांनीं हेंच साधन उचललें. आपल्या कोकणांत सिंधुदुर्ग जिल्ह्यांत ती मोहीम चालली.

परंतु श्रोतेहो, या साधनाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. शास्त्रज्ञानें मजकूर लिहून द्यावा व कलावंतानें त्यास नुसती चाल लावावी, असें जेथें होतें तेथें ढोलकीवरचें व्याख्यान तेवढें ऐकावयास मिळतें. मुलें टाळ्या वाजवितात. बागायतदार तंबाखू मळीत उठून जातो. शिवाय जथ्याचा स्वभावच पुढें जाण्याचा. रात्रीं कोणाच्या मनांत शंका आली, तर सकाळीं उत्तर द्यावयास कोण मागें राहणार?

आमच्या बोर्ली पंचतनच्या बाजूस, किंबहुना साऱ्या रायगड-रत्नागिरींत, या अडचणीवर तोड घरांतच आहे असें मला वाटतें. गौरी-गणपतींत जाखडी होते. कोणी तिला बाल्या नाच म्हणतात. तींत शक्तिवाले व तुरेवाले असे दोन पक्ष समोरासमोर असतात. एका शाहिरानें सवाल टाकावा, दुसऱ्यानें गाऊन जबाब द्यावा. जबाब अडला तर सारें अंगण हसतें. सवाल पुराणांतला असतो, हें खरें. पण भर सभेंत प्रश्न विचारून उत्तर वसूल करण्याची ही रीत प्रयोगशाळेंतल्या रीतीपासून फारशी दूर नाहीं.

आणि सवालांना तोटा कोठें आहे? ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस किनाऱ्यावर चढलें. हवामानखात्याचा इशारा खरा ठरला व पुष्कळांना आधींच सुरक्षित जागीं हलवितां आलें. झाडांना कोण हलविणार? दुपारच्या कांहीं तासांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर फळ धरण्यास पांच-सात वर्षें लागतात. मग साठी उलटलेल्या बागायतदारानें पुन्हां पोफळच लावावी काय? लावली तर वाऱ्याच्या अंगास कोणतें झाड ठेवावें? मधल्या वर्षांत घर कशावर चालवावें? श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे. श्रीवर्धनी रोठा सुपारीचें नांव दूरवर गेलेलें आहे. त्या केंद्रांतील शास्त्रज्ञ आणि आमचा शाहीर यांना गणपतीच्या एका रात्रीं समोरासमोर उभें करावें. पहिला सवाल बागायतदारानें घालावा, दुसरा कोळ्यानें. शास्त्रज्ञानें शक्तीची बाजू घ्यावी कीं तुऱ्याची, तें गांव ठरवील.