मुंबईहून गेलेला पेपर

पीव्ही इज इक्वल टू एनआरटी. हे समीकरण न घोकता बारावी सायन्स झालेला माणूस सापडणं कठीण. दाब, आकारमान, मोल, तापमान... किमती घाला, उत्तर काढा, मार्क घ्या. पण यातला 'टी' म्हणजे नक्की काय? थर्मामीटरवरचा आकडा, यापलीकडे आपण सहसा जात नाही. आणि त्या 'टी'चा अर्थ ज्या माणसाने स्वच्छ मांडला, तो तेव्हा चक्क मुंबईत मास्तरकी करत होता!

जॉन जेम्स वॉटर्स्टन. जन्म १८११, एडिंबरा. पेशाने सिव्हिल इंजिनियर, रेल्वेच्या सर्व्हेची कामं केलेला. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी कॅडेट्सना शिकवायची नोकरी घेऊन तो मुंबईला आला. पोरांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात वायूंचा विचार करायचा, असा त्याचा खाक्या.

वायूंचे नियम तेव्हा माहीत होते. बॉइलचा १६६२ पासून, गे-लुसाकचा १८०२ पासून. पण ते 'असं होतं' एवढंच सांगत. 'का होतं' हे नाही. उष्णता म्हणजे 'कॅलरिक' नावाचा एक अदृश्य द्रव, असं बरेच जण अजून मानत होते. वायूचे कण धावतात आणि भिंतीवर आपटतात म्हणून दाब येतो, हे डॅनियल बर्नूलीने १७३८ मध्येच लिहिलं होतं, पण फारसं कोणी मनावर घेतलं नाही. १८२० मध्ये हेरापाथ नावाच्या इंग्रजाने तोच धागा पकडला, पण तापमान हे कणाच्या वेगाच्या प्रमाणात असतं असं त्याने धरलं. तिथेच गाडी चुकली.

वॉटर्स्टनने ती रुळावर आणली. कणाचा वेग दुप्पट केला, तर भिंतीला बसणारा प्रत्येक धक्का दुप्पट जोराचा होतो. शिवाय कण दुप्पट वेळा येऊन आपटतो. म्हणजे दाब चौपट! आणि आकारमान तेच ठेवलं तर दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो (तापमान उणे २७३ अंशांपासून मोजायचं). म्हणजे तापमान वेगाच्या नाही, तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात हवं. दोन वायू मिसळले, तर जड कण हळू आणि हलके कण जोरात पळतात, पण वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग दोघांचाही सरासरीने सारखाच. ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या सोळापट जड, म्हणून त्याचा वेग चौथा हिस्सा. संपलं. 'टी' म्हणजे कणांची धावपळ.

१८४५ मध्ये हा पेपर लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेला. एका परीक्षकाने तो निव्वळ मूर्खपणा ठरवला; सोसायटीपुढे वाचायच्याही लायकीचा नाही म्हणे. १८४६ मध्ये छोटा गोषवारा तेवढा छापला गेला. हस्तलिखित नियमाप्रमाणे सोसायटीच्या कपाटात राहिलं. वॉटर्स्टनकडे दुसरी प्रत नव्हती. बॅकअप नाही, राव!

मग १८५६ मध्ये क्रोनिग, १८५७ मध्ये क्लॉसियस, १८६० मध्ये मॅक्सवेल असे एकेक जण त्याच वाटेने आले आणि नावं त्यांची झाली. वॉटर्स्टन १८५७ मध्ये स्कॉटलंडला परतला. १८८३ च्या जूनमध्ये एक दिवस घराबाहेर पडला, तो पुन्हा दिसला नाही.

१८९१ मध्ये सोसायटीचे सेक्रेटरी लॉर्ड रॅले यांना वॉटर्स्टनच्याच १८५८ च्या, ध्वनीवरच्या एका लेखात या पेपरचा उल्लेख दिसला. त्यांनी कपाटातून तो शोधून काढला आणि १८९२ मध्ये छापला. तो वेळेवर न छापल्यामुळे हा विषय दहा-पंधरा वर्षं मागे पडला असावा, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिलं. पण जोडीला एक सल्ला दिला : नवख्या लेखकाने आधी छोटी, ठरावीक कामं करून नाव कमवावं, मग मोठ्या उड्या माराव्यात.

हा सल्ला व्यवहारी आहे, पण मला पटत नाही. वॉटर्स्टनचंही थोडं चुकलं. हेच विचार त्याने १८४३ मध्ये एका पुस्तकात टाकले होते, निनावी, आणि पुस्तकाचा विषय काय, तर मनाचे व्यापार! भौतिकवाला ते कशाला उघडेल? पण परीक्षकाचं काम लिहिणाऱ्याचं नाव तपासायचं नसतं, गणित तपासायचं असतं. कोड रिव्ह्यूला बसणाऱ्या आपल्यासारख्यांनाही हे लागू आहे.

असो. पुढच्या वेळी पीव्ही इज इक्वल टू एनआरटी म्हणाल, तेव्हा त्या 'टी'पाशी जरा थांबा.