सुटा भाग मिळत नाही, तेव्हा

१९०८ सालचा फेब्रुवारी संपत आला होता. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या मोटार-ट्रॅकवर एकाच मॉडेलच्या तीन अमेरिकन कॅडिलॅक गाड्या आल्या. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली त्या शेवटच्या नटबोल्टपर्यंत खोलल्या गेल्या. प्रत्येक गाडीतून सातशेहून जास्त भाग निघाले. ते सगळे एकत्र मिसळून टाकले. वर त्यातले ८९ भाग काढून घेतले आणि त्यांच्या जागी एजंटच्या साठ्यातले नवे कोरे भाग ठेवले. मग मेकॅनिकना सांगितलं, आता यातून तीन गाड्या उभ्या करा. हातात फक्त पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर. गाड्या जोडल्या गेल्या, सुरू झाल्या आणि ५०० मैल धावल्या. कॅडिलॅकला त्याबद्दल ड्यूअर ट्रॉफी मिळाली.

यात काय मोठंसं, असं आज वाटेल. पण त्या काळातल्या बहुतेक गाड्यांना हे जमलं नसतं. कारखान्यातून आलेला भाग जवळपास मापाचा असायचा आणि तो प्रत्यक्ष गाडीत बसवायला एक माणूस कानस घेऊन बसायचा. घासायचा, लावून बघायचा, पुन्हा घासायचा. तो ‘फिट’ करणारा, म्हणून फिटर. आपल्याकडे आयटीआयमध्ये हा ट्रेड अजून याच नावाने चालतो आणि पोरं सुरुवातीला कानसच घासतात.

ब्रुकलँड्सच्या त्या प्रयोगाने सिद्ध केलं की मापं पुरेशी काटेकोर असतील तर फिटरची गरज नाही. दुकानातून भाग आणा, जुना काढा, नवा लावा. स्पेअर पार्ट या शब्दाला खरा अर्थ आला तो इथून पुढे. मला यात एक गंमत दिसते. भाग विकत मिळायला लागला, त्याबरोबर तो घडवण्याची सवय गेली, आणि ज्या दिवशी कंपनी तो भाग बनवायचं थांबवते त्या दिवशी गाडीचा मालक हात चोळत बसतो. या लेखातली माणसं हात चोळत न बसलेली आहेत.

पण त्यांच्याकडे वळण्याआधी एक अडचण समजून घेऊ. घरी भाग बनवायचा म्हटलं की आपल्याला आकाराची काळजी वाटते. आकार त्या मानाने सोपा. मातीत साचा करा, ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ओता. अवघड आहे ते माप. अचूक वस्तू बनवायला अचूक यंत्र हवं, ते यंत्र बनवायला त्याहून अचूक यंत्र हवं. मग पहिलं अचूक यंत्र आलं कुठून?

याचं एक उत्तर इतकं सुंदर आहे की शाळेत का शिकवत नाहीत कळत नाही. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्लिश कारागिराने १८४० मध्ये ग्लासगोच्या एका परिषदेत ते जाहीरपणे मांडलं. सपाट पृष्ठभाग बनवायचाय, पण ताडून बघायला दुसरा सपाट पृष्ठभाग नाही. दोन लोखंडी पाटे घेतले आणि एकमेकांशी जुळवले, तर फसगत होऊ शकते. एक किंचित खोलगट आणि दुसरा तेवढाच फुगीर झाला तरी ते एकमेकांत छान बसतात, वाटीत वाटी बसावी तसे. म्हणून पाटे तीन घ्यायचे. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा पहिल्याशी, असे आळीपाळीने जुळवायचे. एकाला रंग फासायचा, दुसऱ्यावर ठेवायचा, जिथे रंग लागला तो उंचवटा. तेवढाच हाताने खरवडायचा. तिन्ही जोड्या एकाच वेळी नीट बसतील अशी शक्यता एकच: तिन्ही पाटे सपाट. म्हणजे अचूकतेला आधीची अचूकता लागत नाही. रंग, खरवडणी आणि भरपूर सवड लागते.

याच व्हिटवर्थने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण सुचवलं, ५५ अंशांच्या कोनाचं. त्याआधी एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जाईल याची काही खात्री नसे. पुढे १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंश सुचवले, आणि जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींच्या नटांना आजचे मिलिमीटरचे पाने नीट बसत नाहीत ही कटकट कायमची सुरू झाली.

आता बर्ट मन्रो. ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा २००५ चा सिनेमा काहींनी पाहिला असेल. नावावरून आपला कुणी माणूस वाटतो. पण ‘इंडियन’ ही अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची मोटरसायकल कंपनी आणि मन्रो न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाच्या इन्व्हरकार्गिल गावचा. १९२० मध्ये त्याने इंडियन स्काउट गाडी नवी घेतली. ६०० सीसीची, ताशी ५५ मैल पळणारी. १९२६ च्या सुमारास त्याने तिच्यात बदल करायला सुरुवात केली आणि पुढची चाळीसेक वर्षं तो थांबला नाही.

दिवसा मोटरसायकली विकायच्या आणि रात्री आपली गाडी खोलायची, असा त्याचा बराच काळ गेला. पुढे तर तो गॅरेजमध्येच राहायला लागला. पिस्टन त्याने जुन्या डब्यांमध्ये धातू ओतून बनवले. सिलिंडरसाठी बिडाच्या जुन्या पाइपचे तुकडे वापरले. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या जुन्या ॲक्सलमधून हाताने कोरून काढले. फ्लायव्हील, कॅम, तेल पोचवण्याची व्यवस्था, सगळं घरचं. आणि मला सर्वात आवडलेला तपशील म्हणजे त्याचा मायक्रोमीटर. तो त्याने चाकाच्या जुन्या आऱ्यापासून केला होता, असं सांगतात. पुन्हा तेच: आकार नंतर, माप आधी.

अर्थात हे पिस्टन फुटायचे. रॉड तुटायचे. तुटलेले भाग तो फेकत नसे. गॅरेजमधल्या फळीवर ओळीने मांडून ठेवी आणि वर पाटी लावली होती, वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य अशा अर्थाची. मला ती फळी म्हणजे प्रयोगवहीच वाटते. कुठला धातू किती ताणात कुठे मोडला याची नोंदच होती ती, फक्त कागदावर नव्हती.

१९६२ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानात त्याने ८८३ सीसी गटात ताशी १७८.९५ मैलांचा विक्रम केला. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, तीच गाडी १००० सीसीच्या आतल्या गटात १८३.५८६ मैलांनी गेली. किलोमीटरमध्ये साधारण २९५. तो १९७८ मध्ये वारला. त्याच्या मुलाला पुढे या आकड्याच्या हिशोबात चूक आढळली आणि २०१४ मध्ये अमेरिकन मोटरसायकल संघटनेने विक्रम १८४.०८७ असा दुरुस्त केला. आऱ्याचा मायक्रोमीटर करणाऱ्या माणसाच्या बाबतीत चूक निघाली ती दुसऱ्यांच्या आकडेमोडीत!

मन्रोने आपलं ज्ञान गाडीत ओतलं. अमेरिकेतल्या डेव्हिड गिंजरीने ते पुस्तकांत ओतलं. भंगारातून घरचं वर्कशॉप कसं उभारायचं यावर १९८० च्या सुमारास त्याने पुस्तकमाला काढली. तिचा क्रमच बघण्यासारखा आहे. आधी कोळशाची भट्टी. भट्टीत भंगारातलं ॲल्युमिनियम ओतून लेथचे भाग. लेथ अर्धवट चालायला लागला की त्याच्यावरच त्याचे उरलेले भाग. मग शेपर, मिलिंग मशीन. लेथची सपाटी हाताने खरवडून आणायची, म्हणजे व्हिटवर्थचीच रीत. स्वतःलाच जन्माला घालणारं यंत्र!

ही कल्पना पंचवीस वर्षांनी प्लास्टिकमध्ये परतली. मधली गोष्ट थोडक्यात सांगतो. १९८८ मध्ये स्कॉट क्रम्प नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करायला घेतला, तोही घरच्या स्वयंपाकघरात. गोंदाच्या बंदुकीत प्लास्टिक आणि मेण भरून त्याने थरावर थर चढवले. त्यातून पेटंट झालं, स्ट्रॅटासिस कंपनी झाली, आणि यंत्रं इतकी महाग की स्वयंपाकघरात जन्मलेलं तंत्र पुन्हा स्वयंपाकघरात यायला वीस वर्षं लागली. २००५ मध्ये इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात ॲड्रियन बोयर यांनी रेपरॅप प्रकल्प सुरू केला. स्वतःचे बरेचसे भाग स्वतः छापणारा प्रिंटर, आणि त्याचे आराखडे सगळ्यांना खुले. २००८ मध्ये पहिल्या यंत्राने छापलेल्या भागांतून दुसरं उभं राहिलं. २००९ मध्ये क्रम्पच्या मूळ पेटंटची मुदत संपली आणि किमती कोसळायला लागल्या. आज तुमच्या ओळखीत कुणाकडे तरी टेबलावर असा प्रिंटर असेल, तर तो याच खानदानातला असण्याची शक्यता दाट आहे.

यात पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं नाव यायलाच हवं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला, हाताने काम करत शिकणाऱ्या मुलांसाठी. २००२ मध्ये एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या गटाबरोबर तिथे फॅब लॅब आली. एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या काही फॅब लॅबपैकी ती एक. बोयर यांचा प्रकल्प सुरू व्हायच्या तीन वर्षं आधी संगणकाला जोडलेली कटिंगची यंत्रं पाबळच्या पोरांच्या हाताखाली होती. हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे, याचं मला वाईट वाटतं.

माझ्या स्वतःच्या वाट्याला आलेला भाग एवढासा आहे. घरची जुनी हॅचबॅक, एसीच्या झडपेची आतली क्लिप मोडली. अधिकृत सर्व्हिस सेंटरवर सांगितलं की क्लिप सुटी येत नाही, पूर्ण असेंब्ली घ्या, आणि या मॉडेलची असेंब्लीही आता येत नाही. मोडलेले दोन तुकडे मी व्हर्निअरने मोजले, संगणकावर चित्र काढलं, छापलं. चौथा नमुना बसला. भोक ५ मिलिमीटरचं काढलं तरी छापल्यावर थोडं लहान होतं, म्हणून ५.२ धरायचं, अशा गोष्टी फळीवरच्या नैवेद्यातूनच कळतात. आकडा जुळेपर्यंतचे नमुने मी ड्रॉवरमध्ये ठेवलेत.

दोन गोष्टी मात्र जाणून असाव्यात. छापलेला भाग थरांच्या सांध्यात कमजोर असतो, लाकूड जसं रेषेत चिरतं तसा. म्हणून क्लिपचा आकडा उभा छापला तर बोटाने मोडेल, आडवा छापला तर टिकेल. आणि पीएलए हे सर्वात लोकप्रिय प्लास्टिक साठेक अंशांना मऊ पडतं. उन्हात काचा बंद करून उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड मे महिन्यात तिथवर सहज पोचतो. एबीएस शंभराच्या आसपास तग धरतं, पण छापायला हट्टी, कोपरे उचलतं. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन यांच्या वाटेला या खेळात जाऊच नये. मन्रोचे पिस्टन फुटले तेव्हा पणाला त्याचाच जीव होता, रस्त्यावरच्या इतरांचा नाही.

कायद्याचंही थोडं बघावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला आडकाठी करतं आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे उचलून धरलं. मोडलेल्या क्लिपच्या जागी तशीच क्लिप बसवणं वेगळं, गाडीचा सांगाडा बदलणं वेगळं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत मोटारीही होत्या. सुटे भाग आणि माहिती मालकाला मिळायला हवी, हा त्यातला मुद्दा.

आणि कंपन्यांचं म्हणाल, तर त्यांनाही हे पटलंय. पोर्शेने ९५९ या गाडीच्या फक्त २९२ प्रती काढल्या होत्या. तिच्या क्लचचा एक लिव्हर आता साठ्यात नाही, आणि पुन्हा साचे बनवणं परवडणारं नाही. २०१८ मध्ये कंपनीने सांगितलं की तो लिव्हर आम्ही छापून देतो. धातूच्या भुकटीतून, लेझरने. यंत्र कोट्यवधींचं, युक्ती बेडकाच्याच जातीची: थरावर थर.

माझ्या क्लिपची फाइल मी त्याच मॉडेलच्या एका नागपूरच्या मालकाला पाठवली आहे. त्याने ती एबीएसमध्ये छापून फेब्रुवारीत बसवली. गाडी उघड्यावर उभी असते म्हणाला. मे संपला की कळवतो असं त्याचं उत्तर आलंय.