लगाम आणि जामगी

पानिपताविषयी वाचताना मला नेहमी प्रश्न पडे : मराठी स्वार मुख्यतः भाल्या-तलवारीवरच का विसंबले? उत्तर तोड्याच्या बंदुकीत सापडले. जामगी पेटती ठेवायची, रंजक सांभाळायची, नळीत दारूगोळी ठासायची. मग लगाम कोण धरणार?

सोळाव्या शतकात युरोपने ठिणगी पाडणाऱ्या चाकाचे पिस्तूल काढले. जामगी गेली, स्वाराचा एक हात मोकळा झाला. अब्दालीकडे निराळा तोडगा होता : उंटाच्या पलाणावर बसवलेली फिरती, हलकी तोफ, जंबूरक, म्हणजे छोटी गांधीलमाशी. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा जड, हलवायला अवघड. १४ जानेवारी १७६१ला या गांधीलमाश्यांचे दंश आपण सोसले. त्या दिवसाचा हिशेब मांडताना शौर्याइतकाच स्वाराच्या हातांचाही विचार व्हावा, असे मला वाटते.