वितळलेल्या प्लाझ्माचे घड्याळ

रक्त कसे गोठते याचा इतिहास आपण प्रयोगशाळेतील शोधांचा इतिहास म्हणून वाचतो. माझ्या मते तो तितकाच साठवणीचाही इतिहास आहे. ठेवलेल्या रक्तातून काय नाहीसे होते हे पाहता पाहताच, रक्तात मुळात काय काय असते ते माणसाला उमगले.

अमेरिकेतील मिल्वॉकी येथे आर्मंड क्विक यांनी १९४३ मध्ये एक गोष्ट नोंदवली. साठवलेला प्लाझ्मा गोठायला दिवसेंदिवस जास्त वेळ घेतो. त्यात थोडा ताजा प्लाझ्मा मिसळला की तो वेळ पुन्हा कमी होतो. म्हणजे साठवणीत काहीतरी मरत होते. त्याच सुमारास जर्मनव्याप्त नॉर्वेत पॉल ओव्रेन यांना लहानपणापासून रक्तस्राव होणाऱ्या एका स्त्रीच्या रक्तात नेमका हाच घटक कमी आढळला. त्यांनी त्याला पाचवा घटक म्हटले. पुढे ज्याला सहावा मानले, तो पाचव्याचेच सक्रिय रूप निघाला. म्हणून यादीत सहावा क्रमांक आजही रिकामा आहे.

आठव्या घटकाची कथा याहून उद्बोधक आहे. हिमोफिलिया ‘ए’च्या रुग्णात हाच कमी असतो. स्टॅनफर्डच्या ज्युडिथ पूल यांनी १९६४-६५ मध्ये दाखवले, की गोठवलेला प्लाझ्मा ४ अंशांवर सावकाश वितळू दिला तर तळाशी पांढरट साका राहतो आणि आठवा घटक व फायब्रिनोजेन त्यात एकवटतात. हाच क्रायोप्रेसिपिटेट. साधी रक्तपेढीही तो तयार करू शकते, म्हणून हिमोफिलियाच्या उपचारात क्रांती झाली. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. रुग्णाला द्यायचा प्लाझ्मा शीतकपाटात ठेवून वितळवला, तर तोच साका पिशवीत किंवा गाळणीत अडकतो. म्हणून तो ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात. पाणी त्याहून गरम झाले तर प्रथिने बिघडतात.

मराठवाड्यात ही विद्या टप्प्याटप्प्याने आली. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६चे, अंबाजोगाईचे १९७४चे, नांदेडचे १९८८चे, लातूरचे २००२चे. रक्ताचे घटक वेगळे करण्याची सोय होण्यापूर्वी रुग्णाला अख्खे रक्तच मिळे. तांबड्या पेशींचा हिशेब धरून ते तीन आठवडे चालत असे. पण आठवड्याभरातच त्यातला आठवा घटक बराचसा ओसरलेला असे. बाटली तीच, रंग तोच. गोठवण्याची ताकद मात्र निम्मी-पाऊण.

माझी नोकरी नांदेड आणि लातूरच्या रक्तपेढ्यांत झाली. उणे ३० अंशांवर वर्षभर टिकणारा प्लाझ्मा एकदा वितळला की घड्याळ सुरू होते. शीतकपाट ते मंद करते, थांबवत नाही. पाच दिवसांत आठवा घटक साधारण एक तृतीयांश ते चाळीस टक्के घटतो आणि त्यातली बरीच घट पहिल्याच दिवशी होते. पाचवा आणि सातवा त्याहून कमी घटतात. फायब्रिनोजेन जवळपास जसेच्या तसे राहते. सगळे घटक सारख्या वेगाने मरत नाहीत, हाच या साऱ्या इतिहासाचा धडा आहे.

आपल्याकडे वितळलेली पिशवी चोवीस तासांच्या आत वापरण्याची शिस्त आहे. अमेरिकेत ती ‘वितळलेला प्लाझ्मा’ या वेगळ्या नावाने पाच दिवस ठेवतात. ब्रिटनमध्येही मोठ्या रक्तस्रावासाठी तशी मुभा दिली गेली. हा फरक आपल्या जिल्ह्यांना लागू पडण्यासारखा आहे. बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही अशी बाई मुखेड किंवा निलंग्याहून आणली जाते, तेव्हा प्लाझ्मा वितळायला लागणारी वीस-तीस मिनिटे फार मोठी असतात. अशा वेळी सर्वांत आधी घसरते ते फायब्रिनोजेन, आणि शीतकपाटात तेच सर्वांत चांगले टिकते. तिसऱ्या दिवसाची तयार पिशवी तिला उपयोगी पडू शकते. हिमोफिलियाच्या मुलासाठी मात्र ती पिशवी जवळपास निरुपयोगी. त्याला आठव्या घटकाचे इंजेक्शनच हवे, ते नसेल तर क्रायो. सोयाबीनच्या रानात घोणस चावलेल्या शेतकऱ्याची गोष्ट आणखी निराळी. तिचे विष पाचव्या आणि दहाव्या घटकाला चेतवून सगळा साठा संपवते. प्रतिविष देण्याआधी प्लाझ्मा कितीही ताजा दिला तरी तोही त्यातच खर्ची पडतो.

म्हणून पाच दिवसांची मुदत सरसकट मागणे मला पटत नाही. ती मागायची तर बाळंतपण आणि अपघातातल्या मोठ्या रक्तस्रावापुरती, न उघडलेल्या पिशवीसाठी, आणि १ ते ६ अंशांची नोंद अखंड राहील तिथेच मागावी. चाळिशीपार उन्हाळा आणि विजेचा लपंडाव असलेल्या भागात ही शेवटची अट सर्वांत अवघड आहे. पिशवीवर वितळवल्याची तारीख आणि वेळ ठळक लिहायला मात्र पैसा लागत नाही. प्लाझ्मा मागणाऱ्या डॉक्टरने ती वेळ वाचावी आणि आपल्या रुग्णाला नेमका कोणता घटक हवा आहे, हे स्वतःला विचारावे. क्विक यांनी नळीत जे मोजले, तेच त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते.