तळटीप : सिंहासनाजवळचे भाले

* 'शोभेचे भाले' : लेखकाने हे शब्द सहज वापरले असले, तरी या भाल्यांना नुसते शोभेचे म्हणणे मला पटत नाही. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन १६७४ च्या मे महिन्यात चौलहून कुंडलिकेच्या खाडीने रोह्यासमोरच्या अष्टमी गावी आला आणि तेथून निजामपूरमार्गे रायगडाकडे गेला. ६ जूनच्या शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकात सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना त्याने सोन्याचा मुलामा दिलेले भाले पाहिले आणि बारकाईने टिपून ठेवले. उजवीकडे मोठ्या दातांच्या माशांची दोन सुवर्णमस्तके, डावीकडे घोड्यांची शेपटे आणि एका किमती भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू. तराजू न्यायाचा, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. शस्त्राच्या टोकाशी न्याय टांगणारी ही योजना राज्यकर्त्याच्या मनाचा फार मोठा पुरावा आहे. मासा माहीमरातब म्हणून मोगल दरबारातही मानाचा होता. महाराजांच्या आरमाराकडे पाहता रायगडावर त्याला समुद्रावरील हुकमतीचा अर्थ आपोआप येतो.

भाल्यावरून अधिकार ओळखणे इंग्रजांनाही परके नव्हते. इंग्रज पायदळातले अधिकारी पुढे स्पॉन्टून नावाचा आखूड भाला बाळगत. १७८६ मध्ये तो बंद होऊन त्यांच्याकडे तलवार राहिली. सार्जंटांच्या हाती मात्र १८३० पर्यंत भाला होता. सिंहासनाजवळच्या भाल्यांहून मराठ्यांचा विटा हा लढाऊ भाला निराळा. त्याला दोरी बांधलेली असे, म्हणून फेकल्यावर तो परत ओढून घेता येई.