दोन बिलांची गोष्ट

माझ्या घरात जकात म्हणजे दानधर्म. रमजानात हिशेब करून गरिबांना द्यायचा वाटा. घराबाहेर पडलो की तोच शब्द नाक्यावर उभा असे आणि ट्रक अडवी. अरबीतून आलेल्या या शब्दाचे मराठीत असे दोन संसार झाले. नाक्यावरची ती जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा राज्यातून पुरती गेली.

आपल्या खान्देशाला परवान्यांची सवय जुनी. मोगलाईत सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा माल नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा जाई. वाटेत दस्तक दाखवावे लागे. दस्तक म्हणजे परवाना, आणि दारावरची थापही. कागद एका हातात असे, तो पाहणारा माणूस समोर असे. शाई पुसट असली तरी बोलून भागत असावे.

आता तो कागद संगणकात गेला. कस्टम्सची आयसीईएस ही प्रणाली १९९५ मध्ये दिल्लीच्या विमान मालवाहतूक कचेरीत प्रथम चालू झाली, मग बंदरोबंदरी पसरली. १ एप्रिल २०१६ पासून आयातीसाठी एक खिडकी आली. अन्नसुरक्षा, औषध नियंत्रण, वनस्पती व प्राणी संगरोध अशी खाती एकाच अर्जावर आपापला शेरा मारू लागली. सोय मोठी झाली, यात शंका नाही.

मी बी.ए. झालो आणि जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कारकून म्हणून लागलो. २०१७ च्या पावसाळ्यात आमचे कंटेनर न्हावाशेवाहून नेहमीसारखे रवाना झाले. भरलेला आयजीएसटी मात्र परत येईना. नव्या नियमाने शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज. वेगळा अर्ज करायचा नाही. पण कस्टम्सकडचे बिल आणि जीएसटीच्या विवरणातले बिल, दोन्हींचे क्रमांक अक्षरशः एक हवेत. आम्ही जुन्या सवयीने दोन बिले करायचो : एक करखात्यासाठी, एक परदेशी गिऱ्हाइकासाठी. एजंटाने शिपिंग बिलात दुसरे घातले. संगणकाने ‘एसबी००५’ असा शेरा मारला. दिवाळी आली, शेठजींनी बोनसचे नाव काढले नाही, आणि कामगार माझ्या टेबलाकडे बघत.

एजंट फोनवर म्हणाला, “भाऊ, माल एक, बाप दोन झाले.” कस्टम्सचा अधिकारी जीएसटीची नोंद बदलू शकत नव्हता, जीएसटीवाला कस्टम्सची. प्रणाली सामायिक, पण चूक कुणाच्याच ताब्यात नाही. ही तऱ्हा एकट्या आमचीच नव्हती. देशभरचे निर्यातदार अडकले होते. (मी टोपणनावाने कविता लिहितो. मानधनाची मनिऑर्डर टोपणनावावर आली तरी पोस्टमन मुकाट देऊन जाई. तो मला ओळखत होता.)

शेवटी २३ फेब्रुवारी २०१८ ला परिपत्रक निघाले. निर्यातदाराने दोन्ही बिलांचा जुळणीतक्ता द्यायचा, अधिकाऱ्याने तपासून हाताने मान्यता द्यायची. मार्चमध्ये परताव्याचा खास पंधरवडाही झाला. म्हणजे संगणकाचा तिढा सोडवायला पुन्हा माणूसच बसवावा लागला. मी दोन रात्री जागून तक्ता केला : डावीकडे एक क्रमांक, उजवीकडे दुसरा. गझलेचे मिसरेही इतक्या काळजीने जुळवले नव्हते.

पैसे आले. बोनस होळीनंतर वाटला गेला. तेव्हापासून आमच्या कचेरीत बिलबुक एकच.